खाटेच्या उंचीच्या खिडक्या

ते सहसा बसत नसत. जेवतानासुद्धा ताट ओसरीच्या कठड्यावर ठेवून, एक हात वरच्या आडव्या लाकडाला धरून आणि पाय किंचित फाकवून ते उभ्यानेच जेवत. जणू घर आता वळण घेणार आहे. एस.टी.त कंडक्टर म्हणून त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर स्थिर जमिनीवर विश्वास ठेवणे त्यांना कधी साधले नाही. कामरगावच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळले की लागणाऱ्या एका लहान गावात त्यांचे घर होते, आणि त्या घरातील एक खोली मी भाड्याने घेतली होती. कामरगावच्या शाळेत मी तेव्हा नुकताच बदलून आलो होतो. गाव त्यांना कंडक्टरबाबा म्हणे. मीही तेच म्हणत आलो, आणि दुसऱ्या कोणत्या नावाने त्यांना आठवावे हे मला आजही सुचत नाही.

आता मी अमरावतीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, नळाला दिवसभर पाणी आहे, शेजारच्या दारावरची पाटी मला पाठ आहे. त्या दारामागचा माणूस मात्र मी अजून नीट पाहिलेला नाही. तपासायला वह्या उरल्या नाहीत, त्यामुळे संध्याकाळी फार लांबतात. अशा वेळी ती आळी आठवते, आणि आळीच्या तोंडाशी एक हात वर करून उभे असलेले कंडक्टरबाबा. लिहिण्याचे धाडस उतारवयात प्रथमच करतो आहे. काही कमी-अधिक झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

खोली पाहायला गेलो त्या दिवशी त्यांनी माझे गाव विचारले नाही, लग्न झाले आहे का तेही विचारले नाही. "सर, तुमाले ऐकू कसं येते?" एवढेच विचारले. चांगले येते, असे मी सांगितले. "आन झोप?" मी जरा ओशाळून म्हणालो की झोप फार सावध आहे, वाळके पान हलले तरी जाग येते. ज्या खोडीमुळे वसतिगृहात माझी थट्टा झाली होती, तिच्यासाठी कोणी माझी निवड करील असे मला वाटले नव्हते. त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

त्या प्रश्नांचा अर्थ दिवाळीनंतर उलगडला. आळीतली घरे एकमेकांच्या भिंतींना पाठ लावून उभी होती. दिवाळी आटोपली की ऊसतोडीचा ट्रक गावाच्या तोंडाशी येई, आणि आळीतली धडधाकट माणसे, बायका, लेकरे, भांडी, अंथरुणे, एखादी कोंबडीसुद्धा, असे सारे त्यात चढत असे. जो तो निघताना आई-बापाच्या पाया पडे आणि ज्वारीचे डबे भरून ठेवलेले पुन्हा एकदा दाखवी. ट्रक गेल्यावर आळीत अशी शांतता पसरे की खोकल्यावरून माणूस ओळखता यावा. मागे उरत ती केवळ म्हातारी माणसे: कोणाची नजर गेलेली, कोणाचे गुडघे, कोणी अंथरुणाला खिळलेले. घरे मात्र तरुण पायांसाठी बांधलेली होती. उंबरे उंच, न्हाणीत शेवाळ आणि अंधार, आणि अनुदानातून अंगणाच्या टोकाला उभे राहिलेले संडास तीन पायऱ्यांवर.

कंडक्टरबाबांनी या आळीची मनातल्या मनात गाडी करून टाकली होती. कारंज्याच्या एका भंगारवाल्याशी त्यांची जुनी ओळख होती. मोडीत निघालेल्या बसचे पोलादी दांडे तिथून आणून त्यांनी घरोघरी न्हाणीत आणि संडासाच्या पायऱ्यांशी बसवले होते. दोन आसने ओट्यांवर मांडली होती. त्यांपैकी एकावर 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' ही अक्षरे अजून वाचता येत, आणि त्या आसनावरून म्हाताऱ्यांत भांडणे होत. पण त्यांची खरी करामत म्हणजे ती दोरी. बसमधली घंटेची दोरी असते तशी एक लांब दोरी त्यांनी आढ्याखालून, भिंतींना भोके पाडून, घराघरांतून ओवली होती. प्रत्येक खाटेवर ती हाताशी लोंबे, आणि तिचे टोक त्यांच्या खोलीतल्या घंटेला बांधलेले असे. नियम एस.टी.चाच: एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. सकाळी डोळा उघडला की प्रत्येकाने डबल बेल द्यायची. एकच वाजली तर बाबा काठी घेऊन निघत. कोणत्या खाटेवरून ती आली हे घंटेला सांगता येत नसे, म्हणून ते पहिल्या दारापासून सुरुवात करून दर घरात डोकावत जात. ते गाढ झोपले असतील तर त्यांना हलवून जागे करणे हे माझे काम होते. भाडेकरू म्हणून माझी उपयुक्तता तेवढीच होती.

मुलगा मोबाईल घेऊन देतो म्हणतो, असे त्यांनीच मला एकदा सांगितले. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते की मोबाईलला चार्जिंग लागते, दोरीला लागत नाही. आणि पडलेल्या माणसाला नंबर आठवत नाही.

माझ्या खोलीला लागून, एका भिंतीपलीकडे, गिरजामायचे घर होते. तिचे दोन्ही मुलगे सुनांसह ऊसतोडीला जात, आणि सहा महिने ती आणि तिची बकरी अशा दोघीच घरात असत. वयाने ती बाबांपेक्षा थोडी मोठी असावी. कमी ऐकू येत असल्यामुळे ती सारे काही मोठ्याने बोले, गुपितेसुद्धा. बाबांच्या दोरीवर तिचा विश्वास नव्हता. आपल्या घरात दुसऱ्याची दोरी लोंबते याचा तिला राग होता, आणि त्या रागातच तिने एके दिवशी बकरीचे दावे त्या दोरीला बांधले. दुपारभर एकेक बेल वाजत राहिली. बाबा उन्हातून पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला गिरजामायने दारातच अडवले.

"कंडक्टर, तुले दुसरं काम नाई का? बकरीनं वढली दोरी. बरी हाये थे."

"बेल वाजली का गाडी थांबते," बाबा धापा टाकत म्हणाले. "कोनं वाजवली, थे मंग पाहाचं." आणि आत वाकून त्यांनी बकरीकडे खरोखरच निरखून पाहिले. "हिचं बी वय झालंच हाये म्हना."

गिरजामायने दावे सोडले. त्या दिवसापासून तिची डबल बेल सर्वांत आधी येऊ लागली, आणि ती इतक्या जोरात येई की माझ्या खोलीतली मातीसुद्धा झडे.

माणसे मोजण्याची त्यांची सवय मला प्रथम विचित्र वाटे. चार माणसे जमली की त्यांचे ओठ हलू लागत. लग्नाच्या पंगतीत, ग्रामसभेत, अगदी अंत्ययात्रेतही ते मागून पुढे नजर फिरवत. एकदा स्मशानातून परतताना मी धीर करून विचारले की बाबा, इथे काय मोजता. ते म्हणाले की जेवढे गेलो तेवढे परत चाललो का, ते पाहावे लागते. पुढे म्हणाले, एक कमी येतो, पण त्याची नोंद असते.

त्यांचा मुलगा पुण्यात होता. मी त्याला अनेकदा भेटलो; भला माणूस होता. दर दिवाळीला तो येई आणि दर दिवाळीला तेच बोलणे निघे: बाबा, चला, फ्लॅट आहे, दवाखाना जवळ आहे, नातवंडे आहेत. बाबा त्याचे म्हणणे ऐकून घेत, त्याच्या मुलांसाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी बांधून देत, आणि स्वतः गाडीपर्यंत सोडायला जात. आपल्या आळीतून, आपल्या घरातून, आपल्याच माणसांच्या देखत जायचे, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्याकडे मागितली होती. बाकी साऱ्या बाबतींत ते मऊ होते. या एका बाबतीत मात्र ते रेसभरही हलत नसत. पुण्याला एकदा ते महिनाभर राहून आले होते. तिथे त्यांना काही कमी नव्हते, असे ते आवर्जून सांगत. "पन सर, पलंग असा ठेवला होता का दिसे फक्त कपाट. मानूस पार्सल नाई न. त्याले खिडकी लागते."

खिडकीचा हा विचार त्यांनी तिथूनच आणला असावा. आमच्याकडील जुन्या मातीच्या घरांना खिडक्या जवळजवळ नसतातच. असलाच तर छपराजवळ एखादा झरोका. आळीच्या शेवटच्या घरात एक शिंपीबुवा अर्धांगाने पडून होते, आणि दार लोटले की त्यांच्यापुरता दिवस मावळे. बाबांनी मिस्त्रीला बोलावले, स्वतः शिंपीबुवांच्या शेजारी खाटेवर आडवे झाले, मान वळवली, आणि जिथे नजर पोहोचली तिथे भिंतीवर खडूने चौकोन काढायला सांगितला. मिस्त्री भिंत बसेल म्हणून कुरकुरला. दोन दिवस टेकू लावून, चौकट घालून काम झाले. शेवटचा दगड बाहेर निघाला तेव्हा मी तिथे होतो. उजेड एकदम खाटेवर पडला. शिंपीबुवा बराच वेळ बाहेर पाहत राहिले. कित्येक महिने त्यांच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता. ते जड जिभेने म्हणाले, "हे कुत्रं कोनाचं?"

बाबांनी त्या कुत्र्याची तीन पिढ्यांची माहिती त्यांना दिली. त्यानंतर आळीत अशा आणखी खिडक्या पडल्या, सगळ्या खाटेच्या उंचीच्या. अनोळखी माणूस आळीतून चालू लागला की त्याच्या मांडीच्या उंचीवरून कोणीतरी त्याला विचारी, "कोन होय?" पहिल्यांदा मीही दचकलो होतो. आज वाटते की मला कोणी तसे विचारून किती काळ लोटला.

ते पडले ते एका हिवाळ्यात. दुसऱ्यांच्या पायऱ्यांशी दांडे बसवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या संडासाशी दांडा बसवलेला नव्हता. आपल्याला सवय आहे, असे ते म्हणत. दव पडून पायरी ओली झाली होती. पाय घसरला तेव्हा शेजारी भिंत होती, चौकट होती. कशालाही धरता आले असते. अकोल्याला ऑपरेशन झाल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून हळू आवाजात, चूक कबूल केल्यासारखे सांगितले, "हात वर गेला, सर. तिथं दांडा नोता." डोक्यावर मोकळे आकाश असताना त्यांनी बसचा दांडा धरायला हात उचलला होता.

खुब्यात सळई घालून त्यांना घरी आणले, आणि पुण्याहून मुलगा रजा काढून आला. या वेळी त्याचे बोलणे विनवणीचे नव्हते. अंगणात खाट टाकली होती, तिच्यावर बाबा उशीला टेकून होते. मिस्त्री, गिरजामाय आणि मी आजूबाजूला होतो. मुलाने शांतपणे दोन अटी सांगितल्या. संडास खोलीला लागून, जमिनीच्या पातळीत हवा. आणि दिवसरात्र घरात राहून उचलायला-धरायला एक माणूस हवा. तसा माणूस त्याने शेलूबाजारकडून पाहूनही ठेवला होता. हे जमत असेल तर बाबा इथे राहतील. नसेल तर उद्या गाडी येईल.

मिस्त्रीने घराभोवती एक फेरी मारली आणि तो माझ्याकडे न पाहता म्हणाला की संडासाचे टाके सरांच्या खोलीच्या मागे आहे. भिंत फोडायची तर तीच. म्हणजे बाबांची खाट सरांच्या खोलीत येणार, आणि बाबांची खोली त्या माणसाला लागणार. घरात तिसरी खोली नव्हती.

बाबा म्हणाले, "सरनं तिकीट काढलं हाये. तिकीट काढलेल्या मानसाले म्या मधात कधी उतरवलं नाई. मी पुण्याले जातो."

गिरजामाय दुसरीकडे पाहत म्हणाली, "जाय मंग. तिथं लिफ्टमधी उभा राह्यजो दिवसभर."

मला चारचौघांत बोलता येत नाही. वर्गात बोलत असे ते पुस्तकाच्या आधाराने. पण बाबांचा हात खाटेच्या काठावर ठेवलेला होता आणि तो वर उचलण्याइतकेही बळ त्यांच्यात उरले नव्हते, हे मी पाहिले. मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"बाबा," मी म्हणालो, "मला इथंच उतरायचं आहे."

ते माझ्याकडे फार वेळ पाहत राहिले. तिकीट तपासताना कंडक्टर पाहतो, तशी ती नजर होती. माणूस खरे बोलतो आहे की नाही, हे ताडणारी. मग त्यांचे डोळे भरून आले.

"गाडी पुरी थांबू द्या, सर," ते म्हणाले. "मंग उतरा."

मी कुठे जाणार, हा प्रश्न मला सुचण्याआधीच गिरजामायने तो निकालात काढला. तिची पुढची खोली हंगामभर रिकामीच असते, असे ती म्हणाली, आणि लाईट जाळत वाचत बसायचे नाही, ही अट तिने सर्वांसमक्ष घातली. अशा रीतीने मी एका भिंतीपलीकडे राहायला गेलो.

भिंत फोडताना दोरी तुटली. मी ती जोडून दिली, पण माझी गाठ बाबांना पसंत पडली नाही, आणि स्वतः शिडीवर चढणे आता शक्य नव्हते. दोरी तशीच राहिली. घंटेऐवजी आता शेलूबाजारचा माणूस सकाळी आळीतून एक चक्कर मारून येऊ लागला. माझी खाट जिथे असे तिथे बाबांची खाट आली, आणि मिस्त्रीने न सांगता तिच्या उंचीवर खिडकी पाडून दिली. आयुष्यभर उभा राहिलेला हा माणूस आता आडवा पडून रस्त्यावरची माणसे मोजू लागला. शाळेतून येताना मी खिडकीशी उकिडवा बसे. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोकळा संवाद मी त्या खिडकीतून केला आहे.

एकदा त्यांनी विचारले, "सर, ही बुढी पहाटे कोनाशी बोलते?"

मला ते माहीत होते. माझ्या खोलीत ते रोज ऐकू येई, आणि दुसऱ्याचे खाजगी म्हणून मी कधी कोणाजवळ त्याचा उच्चार केला नव्हता. गिरजामाय पहाटे चूल पेटवताना, शेकडो मैलांवरच्या उसाच्या फडात असलेल्या मुलांना हाका मारी. गजा, उठला का रे. देवा, पानी गरम हाये. उत्तरापुरते थांबून ती पुन्हा कामाला लागे. हे मी बाबांना सांगितले. खिडकीबाहेर पाहत ते नेहमीप्रमाणे कोणाची बस आज उशिरा आली ते मला सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्या पुढच्या खोलीत जागा होतो. तिने हाक मारली, "गजा, उठला का रे?" आणि भिंतीतून, झोपेत असल्यासारखा जाड आवाज आला, "उठलो, माय."

तिच्या हातातले भांडे क्षणभर थांबले. मग पुन्हा वाजू लागले. तिला ऐकू गेले नसावे, असे मी समजलो. पण तो क्रम रोजचाच झाला. गजासाठी बाबांचा एक आवाज होता आणि आळशी देवासाठी दुसरा. "झोपू दे न व माय, थंडी लय हाये," असे देवा कुरकुरे, आणि गिरजामाय चुलीशी काहीतरी पुटपुटे. उन्हाळ्यात खरे मुलगे परतले, मी सुट्टीत घरी जाऊन आलो आणि दिवाळीपर्यंत गिरजामायच्या ओसरीवर झोपलो; तेवढे दिवस बाबा पहाटे गप्प राहिले. दिवाळीनंतर आळी रिकामी झाली, तशी भिंतीतून पुन्हा उत्तरे येऊ लागली. दिवसा ती दोघे खिडकीशी एकमेकांना टाकून बोलत. पहाटेच्या या प्रकाराबद्दल मात्र मी त्यांना चकार शब्द काढताना ऐकले नाही.

अजूनही त्याच वेळी मला जाग येते. इथे अमरावतीत त्या वेळी फक्त पाण्याची मोटार चालू होते. मी पडून राहतो.

दुसऱ्या हंगामाचा शेवट जवळ आला होता. रानात पळस फुलला होता आणि ट्रक परतण्याची वाट आळी पाहू लागली होती. त्या पहाटे गिरजामायने गजाला हाक मारली. उत्तर आले नाही. तिने देवाला हाक मारली. मग तिने पुन्हा गजाला हाक मारली, अधिक हळू. चूल पेटल्याचा आवाज झाला नाही. थोड्या वेळाने ती माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"सर, उठा बरं," ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात तिला बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. "पलीकडं जाऊन पाहा. कंडक्टर आज बोलून नाई राह्यला."

मी चपला शोधू लागलो. ती माझ्यासाठी थांबली नाही. डोक्यावरून पदर घेऊन ती आधीच दाराबाहेर पडली होती.